चार वर्षांच्या भाचीला वाढदिवसाला काय द्यावं? घरात खेळण्यांना जागाच उरलेली नाही

कर्वेनगरची_मावशी

भाची जुलैअखेरीला चार वर्षं पूर्ण करेल. घर दोन बेडरूमचं, गॅलरी छोटी पण सकाळचं ऊन येतं. धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे, हाताला लागेल ते तोंडात घालतो. घरात आत्ता दोन किचन सेट, डॉक्टर सेट, ब्लॉक्सचे तीन डबे, रिमोटच्या चार गाड्या, एक बोलणारी बाहुली आणि सॉफ्ट टॉइजचं एक आख्खं पिंप आहे. बहिणीने बजावलंय की काहीही आण, पण मोठा खोका आणि आवाज करणारं काही नको.

बजेट दीड ते दोन हजार. पाकीट द्यायचं नाहीये. तिला स्वतःच्या हाताने उघडता येईल असं काहीतरी हवं. शक्यतो पुण्यात बघून घेता येईल असं सुचवा.

---

पेठकर

बहिणीलाच विचारा की. "काहीही आण" म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात यादी तयार असते.

---

बालवाडीताई

पेठकरांचं खरं आहे, पण मावशीला उत्तर हवंय म्हणून लिहिते.

नवीन खेळणं शोधण्याआधी आहे त्या पसाऱ्यात काय कमी आहे ते बघा. तुमच्या यादीत दोन किचन सेट आहेत, पण शिजवायला काहीच नाही. प्लास्टिकचं गाजर दोनदा कापून झालं की खेळ संपतो. त्या सेटला कच्चा माल द्या, म्हणजे खेळायची मळलेली कणीक आणि ती लाटायला, कापायला, दाबायला खरी अवजारं. जुना सेट पुन्हा कामाला लागतो आणि नवीन वस्तू एका डब्यात मावतात.

बाजारची रंगीत क्ले आणू नका असं नाही, पण ती महाग पडते, डबी उघडी राहिली की दोन दिवसांत कडक होते आणि एवढीशी असते की लाटणं फिरवायला पुरत नाही. घरी करायचं प्रमाण असं: मैदा २ वाट्या, बारीक मीठ १ वाटी, पाणी २ वाट्या, तेल २ मोठे चमचे, दीड लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून एकत्र करा आणि जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आचेवर ढवळत राहा. पाचेक मिनिटांत कडा सोडायला लागतं, मग गोळा होतो. तो चिमटीत धरल्यावर बोटाला चिकटला नाही की उतरवा. कोमट झाल्यावर मळा आणि चार भाग करून प्रत्येकात खायचा रंग घाला. हळद चालते, पण कपड्यांना लागली की आई तुमचं नाव काढेल. बीटाचा रंग छान दिसतो, काही दिवसांत मात्र तपकिरी पडतो.

बिघडतं ते बहुतेक शिजवण्यात. चिकट राहिलं तर कच्चं आहे, परत कढईत टाका. भेगा पडून चुरा होत असेल तर जास्त वेळ आचेवर राहिलंय. त्यात गरम पाणी चमच्या-चमच्याने घालून मळा, एकदम ओतू नका. जुलैतल्या हवेत आणखी एक गोष्ट होते. मीठ हवेतला ओलावा ओढतं, डबा उघडा राहिला तर गोळ्याला पाणी सुटतं. झाकण घट्ट बसेल असा स्टीलचा डबा घ्या. पाणी सुटलंच तर चमचाभर मैदा घालून पुन्हा मळलं की भागतं. बाहेर साधारण दोन-तीन आठवडे टिकते, फ्रिजमध्ये त्याहून जास्त. वास बदलला किंवा ठिपके दिसले की टाकून द्यायची.

आता अवजारं. ६ इंची पोळपाट, त्याला साजेसं लाटणं, शंकरपाळ्याचं कातणं, मोदकाचा साचा आणि सोऱ्या. सोऱ्या फिरकीचा घ्या, दाबायचा नको. दाबायच्या सोऱ्याला चार वर्षांच्या हाताचा जोर पुरत नाही, मूल वैतागतं. फिरकीच्या सोऱ्याने मनगट फिरवायची सवय होते, आणि पुढे बाटलीचं झाकण उघडायला तीच हालचाल लागते. पितळी सोऱ्या दिसायला सुंदर, पण जड. पायावर पडला तर नखं काळी होतील, तेव्हा हलका घ्या. अॅल्युमिनियमचा असेल तर खेळून झाल्यावर लगेच धुवायला सांगा, मिठाने त्याला पांढरे डाग आणि बारीक खड्डे पडतात. शेव आणि चकलीच्या ताटल्या ठेवा, बाकीच्या आईकडे द्या. सोऱ्यात घालायची कणीक जरा सैल लागते.

हे सगळं तुळशीबाग आणि मंडईच्या आसपासच्या भांड्यांच्या दुकानांत एका फेरीत मिळेल. छोटा पोळपाट भातुकलीच्या दुकानात मागू नका, तिथला शोभेचा असतो. भांड्यांच्या दुकानात "सगळ्यात लहान, पण वापरायचा" असं सांगा.

एक काळजी घ्या. या कणकेत मीठ भरपूर असतं. मोठी मुलगी चव घेऊन थुंकेल, दीड वर्षाचा मूठभर गिळेल आणि एवढं मीठ लहान बाळाला घातक असतं. म्हणून खेळ टेबलावर, नाहीतर धाकटा झोपलेला असताना.

---

मिलिमीटर

धाकट्याचा मुद्दा निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण भेट मोठीसाठी आणली तरी ती धाकट्याच्या हातात जाणारच.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासायला प्रमाणित नळकांडं असतं. आतला व्यास ३१.७ मिमी, तिरका तळ, खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिमी. जो तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिमी असतो. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं असलेलं सगळं "लहान" धरा.

या घरात तीन गोष्टी अजिबात नेऊ नका.

बटण सेल असलेलं काहीही. गाणारं ग्रीटिंग कार्ड, चमकणारी अंगठी, एलईडी पणती, दिवे लागणारे बूट. २० मिमीचा लिथियमचा सेल अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून वीज वाहायला लागते, ऋण बाजूपाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. सेल गुदमरवत नाही, जाळतो, त्यामुळे मूल नेहमीसारखा श्वास घेत असलं तरी थांबायचं नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रेसाठी न्यायचं. बहिणीला सांगा की रिमोट आणि बोलणाऱ्या बाहुलीच्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते आजच बघ.

सुटी लोहचुंबकं आणि चुंबकाच्या गोळ्या. दोन वेगवेगळ्या वेळी गिळल्या तर आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकींना धरतात आणि मधल्या भिंतीला भोक पडतं. चुंबकाच्या रंगीत टाइल्स चांगलं खेळणं आहे, पण शिवण उघडली की आतलं चुंबक बाहेर येतं. स्वस्त टाइलच्या कोपऱ्यांना रिव्हेट नसते, नुसती चिकटवलेली असते.

पाण्यात फुगणारे मणी. पोटात गेल्यावरही ते फुगतातच आणि आतडं तुंबतं. घरात सांडले तर सगळे कधीच सापडत नाहीत.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. साध्या खेळण्यांवर आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांवर आयएस १५६४४ असा क्रमांक असतो, सोबत सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याचा आहे ते दिसतं. अॅपमधलं नाव आणि खोक्यावरचं नाव जुळत नसेल तर घेऊ नका. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांची आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी यातून वगळली आहेत. म्हणून कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यावर चिन्ह दिसलं नाही तर लगेच नकली म्हणू नका, फक्त सुटे भाग स्वतः तपासा.

---

नटबोल्ट

बालवाडीताईंची कणीक बेस्ट आहे, पण थोडी वेगळी दिशा सांगतो. चार वर्षांच्या मुलांना खरी कडी, खरं कुलूप, खरी साखळी यांचं वेड असतं. तयार "बिझी बोर्ड", म्हणजे कड्या-कुलपं बसवलेल्या पाट्या, मिळतात त्यावरच्या कड्या खोट्या असतात, पंधरा दिवसांत स्क्रू निघतात आणि मागे पातळ एमडीएफ, म्हणजे भुसा दाबून केलेला बोर्ड. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांतून सामान आणून दुपारभरात घरी होतो.

पाटी: १८ बाय १२ इंच, १९ मिमी प्लायचा तुकडा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात उरलेले तुकडे मिळतात, कापूनही देतात. त्यावर ४ इंची टॉवर बोल्ट (सरकवायची कडी), कडी-कोयंडा, दाराची साखळी, एक बिजागरीचं छोटं दार आणि एक कुलूप. यापेक्षा जास्त लावू नका, गर्दी झाली की बोटं अडकतात.

चूक होते ती स्क्रूत. दुकानदार सवयीने २५ मिमीचे देतो आणि १९ मिमीच्या प्लायमधून टोक मागे येतं. १६ मिमीचे मागा. आधी २ मिमीचं भोक पाडा, नाहीतर प्लायचा थर फाटतो. कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा, मग २२०ने गुळगुळीत करा. स्प्रिंगची कडी लावू नका, ती आपटते आणि चिमटा बसतो. स्विच, सॉकेट, प्लग तर कधीच नको. बोर्डवरच्या सॉकेटशी खेळ आणि भिंतीवरच्याशी खेळू नको, हा फरक चार वर्षांच्या मुलाने कसा करावा?

रंग नको. कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात याला बरेच दिवस लागतात, तेव्हा जुलैअखेरीसाठी आत्ताच सुरू करा. हार्डवेअरमध्ये "बॉइल्ड" म्हणून मिळतं त्यात लवकर वाळायला धातूची संयुगं घातलेली असतात, ते खेळण्याला नको. शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं तेल वाळतच नाही, चिकट राहून वास मारतं. तेल पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

किल्ली बोर्डलाच दोरीने बांधा, दोरी वीतभराहून लांब नको. लांब दोरी धाकट्याच्या गळ्याला धोका. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवू नका, दोन स्क्रूंनी पक्का बसवा. मध्य जमिनीपासून ६५-७० सेंमीवर आला की चार वर्षांच्या छातीशी येतो.

---

कर्वेनगरची_मावशी

नटबोल्ट, ड्रिल चालवता येणारं कोणी नाही हो आमच्याकडे. तरी जपून ठेवते. खेळायला नुसते नट आणि बोल्ट दिले तर?

---

नटबोल्ट

चालेल. एम१० आणि एम१२चे (१० आणि १२ मिमी जाडीचे) बोल्ट, प्रत्येकी चार, त्यांचे नट, वॉशर आणि दोन-तीन फुलपाखरू नट. एम६ वगैरे बारीक नको, चार वर्षांच्या चिमटीला नट आट्यांवर चढवता येत नाही. नवीन बोल्टला तेल असतं, आधी भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात धुऊन पुसून वाळवा, ओले राहिले तर गंजतात. पण मिलिमीटर म्हणतील तेच, एम१०चा नट त्या नळकांड्यात आरामात मावतो. धाकटा आहे तोवर डबा वरच्या फळीवर आणि मोठ्यांसमोरच. खरं तर तुमच्या घरात मी हा डबा दोन वर्षांनी दिला असता.

---

गॅलरीतली_बाग

ऊन येणारी गॅलरी आहे तर पेरणीचा डबा द्या. खोका लागत नाही. लहान झारी हीच पेटी, सामान तिच्यात आणि भोवती, वरून फडक्याची गाठ.

त्यात तीन गोष्टी: फवारणीची अर्ध्या लिटरची बाटली, प्लास्टिकचं नाही तर लोखंडी छोटं खुरपं, आणि बियांच्या कागदी पुड्या, प्रत्येकीवर चित्र. कुंडी वेगळी, फूटभर लांब, सहा इंच खोल, तळाला भोकं असलेली. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत सारख्या भागांत.

बियाणं दुकानातल्या पाकिटातलं देऊ नका. त्यावर बहुतेक वेळा बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी नाहीतर निळा रंग दिसतो तो त्याचाच. स्वयंपाकघरातली मेथी, मोहरी, अख्खे मूग आणि धणे पुरेत. मूग एक-दोन दिवसांत मोड काढतात, मेथी-मोहरी दोन ते चार दिवसांत वर येतात. कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात, तीही धणे आधी हलके रगडून दोन फाकी केल्या तर. पहिलं पेरायचं ते मूग किंवा मेथीच. धण्यापासून सुरुवात केली की तिसऱ्या दिवशी मूल कुंडीकडे बघणं सोडतं.

मुलं बी उकरून बघतात, त्याला इलाज नाही. म्हणून काचेच्या ग्लासात आतून ओला टिपकागद लावून त्याच्या आणि काचेच्या मध्ये चार मूग अडकवा. मूळ खाली, कोंब वर, सगळं दिसतं आणि कुंडी वाचते.

बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल गाडू नका. झारीने पाणी घातलं की मेथी वाहून एका कडेला गोळा होते, उगवेपर्यंत फवाराच. जुलैत मोठा धोका जास्त पाण्याचा आहे. ढगाळ हवेत दाट पेरलेली रोपं बुडाशी मऊ पडून एका रात्रीत आडवी होतात. विरळ पेरा, वरचा थर बोटाला कोरडा लागला तरच पाणी. मेथी बोटभर झाली की आठ-दहा दिवसांत कापून थालीपीठात जाते. कुंडी मोकळी झाली की पुढची पुडी.

---

वाचनवेडी

पुस्तकं कोणीच कशी सुचवली नाहीत? चित्रपुस्तकं अप्पा बळवंत चौकात बघून घ्या. चार वर्षांला पानावर एक ते तीन वाक्यं पुरे. निवडायची सोपी रीत म्हणजे दुकानातच एक पान मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, वाक्य उलटंपालटं वाटलं, तर ते कितीही देखणं असलं तरी रात्री रोज वाचणाऱ्याला नकोसं होतं. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं या कसोटीला बरीच उतरतात. जाड पुठ्ठ्याचं एखादं धाकट्यालाही घ्या.

नाहीतर मासिकाची वर्षाची वर्गणी. 'चिकूपिकू' याच वयासाठी आहे. बालभारतीचं 'किशोर' जरा मोठ्या मुलांचं, आत्ता नको. वर्गणी भरताना पत्त्यावर मुलीचंच नाव घाला, खाली आईचं नाव आणि फ्लॅट नंबर. स्वतःच्या नावाचं टपाल येणं ही चार वर्षांला अपूर्वाई असते. वाढदिवसाला हातात द्यायला एक सुटा अंक आधी मिळवून ठेवा, कारण पहिला अंक यायला वेळ लागतो.

---

बोगदाप्रेमी

अनुभव द्या. तोही खोक्याशिवाय येतो.

कर्वेनगरहून मेट्रोसाठी वनाझ किंवा नळ स्टॉप. तिथून रामवाडीकडे जाणाऱ्या गाडीने जिल्हा न्यायालय स्टेशन, तिथे उतरून खालच्या लाइनवर जायचं आणि मंडईला उतरायचं. चार वर्षांसाठी याहून चांगली सहल पुण्यात शोधून दाखवा. डेक्कनपासून महापालिकेपर्यंत गाडी मुठेच्या कडेने पुलावरून जाते आणि लाइन बदलल्यावर बोगद्यातून. मधले सरकते जिनेच मुलांना अर्धा तास पुरतात. उंचावरच्या फलाटावरून जमिनीखालच्या फलाटावर उतरायचं असतं, जिने बरेच आहेत, मुलीचा हात आणि ओढणीचं टोक दोन्ही सांभाळा. मंडईला बाहेर पडलं की भाजी, तुळशीबाग आणि खाऊ. सकाळी दहाच्या गर्दीनंतर निघा, बाराच्या आत परत.

दुसरा पर्याय पेशवे उद्यानातली फुलराणी ही छोटी आगगाडी, तिसरा कात्रजचं प्राणीसंग्रहालय. कात्रज बुधवारी बंद असतं, वाढदिवस बुधवारी आला तर लक्षात ठेवा. जुलैत पावसाने प्राणी आत बसतात, तेव्हा मी तरी मेट्रोला पसंती देईन.

मात्र "तुला फिरायला नेईन" हे सांगून भेट होत नाही. चार वर्षांला पुढच्या महिन्याचा अर्थ कळत नाही. पुठ्ठ्याचं पोस्टकार्डाएवढं तिकीट करा, एका बाजूला गाडीचं चित्र, दुसऱ्या बाजूला सात चौकोन. रोज झोपताना एक चौकोन खोडायचा, सातवा खोडला की सकाळी निघायचं. आठवड्याहून लांबची तारीख ठेवू नका. आणि जायच्या दिवशी पंचने भोक पाडायची जबाबदारी तिची.

---

पेठकर

जुलै आहे. गमबूट द्या. पाऊल संध्याकाळी उभं करून मोजायचं, टाच भिंतीला, त्यात एक सेंटिमीटर मिळवायचा. जास्त मोठे घेतले तर पळताना निघतात. रंग मुलीला विचारून.

---

औंधचे_आईबाबा

थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. आम्ही दुसऱ्या बाजूला आहोत. मुलाचा पाचवा वाढदिवस आहे, वीसेक पाहुणे. भेटी नकोत हे वाईट न वाटता कसं कळवायचं?

---

बालवाडीताई

लग्नपत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापायची आपल्याकडे पद्धत आहेच, मग वाढदिवसाला कसला संकोच. पण नुसतं "भेटी नकोत" लिहिलं की निम्मे लोक छोटंसं काहीतरी आणतात आणि ते छोटंसं म्हणजे नेमका तो कचरा असतो. पर्याय द्या. व्हॉट्सअॅपवर असं पाठवा:

"येताना भेटवस्तू आणू नका ही मनापासून विनंती. अगदीच राहवत नसेल तर तुमच्या मुलाला आवडलेलं एखादं वाचून झालेलं पुस्तक आणा, पहिल्या पानावर त्याच्याकडून नाव लिहून घ्या."

आजी-आजोबा, आत्या, मामा यांना हा मेसेज पाठवू नका, फोन करा आणि नेमकी वस्तू सांगा. त्यांना देण्याची हौस असते, ती अडवून उपयोग नाही, वळवायची. पाच-सात घरांनी प्रत्येकी पाचशे काढून सायकल घेतली तर सगळ्यात उत्तम. सायकल वयावरून घेऊ नका. मुलाला भिंतीशी अनवाणी उभं करा, दोन पायांमध्ये पुस्तक आडवं वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. सीट सगळ्यात खाली केल्यावर तिची उंची या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी हवी, म्हणजे दोन्ही पाऊलं पूर्ण टेकतात. "वर्षभरात उंच होईल" म्हणून मोठी घेतलेली सायकल वर्षभर गॅलरीत उभी राहते. हेल्मेटही त्याच पैशांत बसवा, कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं राहील इतकं खाली यायला हवं.

रिटर्न गिफ्टच्या पिशव्यांबद्दल बोलायला लागले तर धागा भरकटेल. रस्त्यावर रेघोट्या ओढायच्या जाड खडूंचं एक पाकीट द्या आणि थांबा.

---

हिशेबी

सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचा विषय कोणी काढला नाही अजून. मुलगी दहा वर्षांच्या आत आहे, वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. पण खातं आई, वडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात, मावशी नाही. खातं आधीच असेल तर बहिणीकडून खाते क्रमांक घेऊन रक्कम भरायला द्या. हातात उघडायला काही नसतं हे मान्य.

---

कर्वेनगरची_मावशी

सगळ्यांचे आभार. कणकेचा डबा आणि मेट्रोचं तिकीट असं ठरवतेय. दोन शंका आहेत. कणीक किती दिवस आधी करू? आणि दीड वर्षाच्याला काहीच दिलं नाही तर तो सोऱ्या ओढणार, त्याचं काय करू?

---

बालवाडीताई

कणीक आदल्या दिवशी संध्याकाळी. गरम असताना डब्यात भरू नका, झाकणाला वाफ धरून वरचा थर चिकट होतो. पूर्ण गार झाल्यावर प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या डबीत. लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नका, पहिल्याच दिवशी त्यांचा चिखल होतो. तसा तो पुढे होणारच आहे, पण निदान वाढदिवसाचा दिवस जाऊ दे. सोबत प्रमाण लिहिलेला कागद आईच्या नावाने ठेवा आणि अर्धा किलो मैद्याची पिशवीही. पुन्हा करायचा कंटाळा सामान आणण्यापाशीच येतो.

धाकट्याला बिनमिठाची साधी कणीक, घरात पोळ्यांना भिजवतो तीच, लिंबाएवढा गोळा. तिच्यात मिठाचा धोका नाही, तरी नजर ठेवा, तोंडात घालू देऊ नका. शिवाय एक रिकामा स्टीलचा डबा आणि लाकडी चमचा.

---

पेठकर

बहिणीने आवाज करणारं काही नको म्हटलं होतं ना?

---

बालवाडीताई

बरं, डबा प्लास्टिकचा द्या. तो त्यांच्याकडे असेलच.